शिवाजी पेठेतला कुत्र्यांचा साबण

किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. आम्ही कुत्र्यांचा साबण करतो, एवढं कुणाला तरी सांगून बघा. समोरचा आधी हसतो, मग 'आमच्या एका पावण्याचं कुत्रं होतं' म्हणून सुरू होतो आणि तुमचा चहा निवतो. घरात हा धंदा आल्यापासून माझ्याकडं असे इतके साठलेत की कुठला आधी सांगू कळत नाही. सावकाश सांगतो. घाई मला कधी जमली नाही.

धंदा माझ्या सुनेचा, वैशालीचा. पार्लरमधली नोकरी सोडून तिनं हे सुरू केलं. खोबरेल, करंजाचं तेल, कडुनिंबाचा पाला, गवती चहा. मी शाळेचं तोंड बघितलेलं नाही, सारा जन्म गुऱ्हाळावर काहिलीतला गूळ ढवळला. म्हणून ढवळायचं काम माझ्याकडं आलं.

पोरगा संभा फौंड्रीत जातो. त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "ह्या साबणानं एक कुत्रं जरी आजारी पडलं, तर पेठेत तोंड दाखवाय जागा ऱ्हाणार न्हाय. त्या दिवशी हे बंद."

 तेव्हापासून फोन वाजला की वैशाली आधी देव्हाऱ्याकडं बघते, मग फोनकडं.

*

साबणाला कॉस्टिक सोडा लागतो. तो पाण्यात पडला की पाणी चुलीशिवाय तापतं. भांडं स्टीलचंच घ्यायचं, असं वैशालीनं बजावून ठेवलं होतं. त्या दिवशी स्टीलच्या पातेल्यात भात होता. आमची मालकीण, म्हणजे वैशालीची सासू, म्हणाली, भांडं ते भांडं, आणि तिनं जर्मनचं पातेलं काढून दिलं. जर्मनचं म्हणजे ॲल्युमिनियमचं, तिच्या माहेरचं.

सोडा पडला तसं पातेलं नागासारखं फुसफुसायला लागलं. फेस काठावर आला, वाफ अशी की डोळे उघडेनात. वैशाली आतनं पळत आली. "आबा, हात काढा. मागं सरा!"

मी मागं सरलो. मालकीण सरेना. पदर तोंडाला लावून ती पातेल्याकडंच बघत उभी. शेवटी वैशालीनं तिला कमरेला धरून रस्त्यापर्यंत ओढत नेलं, तेव्हा कुठं माझा श्वास खाली आला.

सगळं गार झाल्यावर वैशालीनं हातमोजे घालून पातेलं धुतलं. बुडाला भोक पडलं होतं. मालकिणीनं त्या भोकातनं बराच वेळ माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "बाबांनी लग्नात दिलेलं. इतकी वर्सं तुमच्यासंगं टिकलं, कुत्र्यापायी गेलं."

*

साबण ओतला की लगेच वापरायचा नसतो. महिनाभर फळीवर वाळवायचा. कच्चा साबण कातडीला खातो. वाळला का नाही हे बघायला मी वडीला जिभेचं टोक लावतो. कच्ची असली तर शॉक बसावा तसा चटका बसतो. ही रीत वैशालीनं मोबाईलवर बघून मला शिकवली.

एकदा बचत गटाच्या प्रदर्शनात स्टॉल लावला होता. वैशाली एका बाईला साबणाचे गुण सांगत होती. मी मागं स्टुलावर बसून एकेक वडी चाखत होतो. बाईचं लक्ष माझ्याकडं गेलं आणि ती ऐकायचं सोडून बघतच राहिली.

"आजोबा, ह्यो कुत्र्याचा साबण हाय न्हवं?"

व्हय म्हणालो. मग तुम्ही का खाताय, म्हणाली. मी म्हणालो, "कुत्र्याच्या आदी कुणीतरी चाखाय पायजे की."

बाईनं दोन वड्या घेतल्या. जाताना वैशालीच्या कानाशी वाकून म्हणाली, "म्हाताऱ्याला घरात वेळंवर जेवाय घालतासा न्हवं?"

*

वैशालीचे मामा कुरुंदवाडचे. पार्लरची नोकरी त्यांनीच लावून दिलेली, त्यामुळं ती सोडली म्हणून घुश्शात होते. अंबाबाईच्या दर्शनाला म्हणून आले, पण खरं म्हणजे भाचीला जाब विचारायला. आधी आंघोळ करतो, म्हणाले.

पावण्याला वापरलेला साबण कसा द्यायचा? मालकिणीनं फळीवरची एक कोरी वडी उचलून दिली.

थोड्या वेळानं वैशालीचं लक्ष फळीकडं गेलं. ज्या वड्या परवाच ओतल्या होत्या, त्यांच्यातली एक गायब.  न्हाणीत मामा, तिला दार वाजवता येईना. मी गेलो.

"पावणं, साबण लावला काय?"

"लावला की. का?"

"काय न्हाय. पाणी भरपूर घ्या."

आतनं पाण्याचा आवाज आला, मग नुसतंच हुस्स हुस्स. बराच वेळ. आम्ही तिघं दाराबाहेर ओळीनं उभे. मामा पंचा गुंडाळून बाहेर आले ते बिटासारखे लाल. एकेक दंड निरखत राहिले.

"वैशाली, ह्यो साबण तू केलास?"

वैशालीनं मान खाली घालूनच हो म्हटलं.

"अंग नुसतं चुरचुराय लागलंय. मळाची काय बिशाद! असा जालीम साबण मी जन्मात बघितला न्हाय. चार वड्या बांधून दे."

नोकरीचा विषय निघालाच नाही. वैशालीनं त्यांना नीट वाळलेल्या वड्या दिल्या. पुढच्या आठवड्यात कुरुंदवाडहून तक्रार आली, ह्या मालात पहिल्यासारखा दम न्हाय.

*

खरा घाम फुटला तो मंगळवार पेठेतल्या फोननं. एका गृहस्थांचा पांढरा लॅब्रेडोर. तुमच्या साबणानं कुत्र्याची पाठ सोलून निघाली, म्हणाले. संध्याकाळपर्यंत फोटो सगळ्या ग्रुपवर टाकतो, म्हणाले.

वैशाली आणि मी रिक्षा करून निघालो. तिथं जाऊन बघतो तर खरंच. पाठीवर लालभडक पट्टे. ती कुत्र्याजवळ बसली आणि तिच्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं. कुत्रं बिचारं तिचाच हात चाटायला लागलं.

 मी म्हणालो, आंघोळ कशी घालता तेवढं दावा, साबण लावू नका, नुसतं दावा. गृहस्थ रागारागानं आत गेले. बादली आणली, तांब्या आणला, टॉवेल आणला. आणि कोनाड्यातनं टाचा घासायची लोखंडी वज्री काढली.

"ही कशाला?" वैशालीनं विचारलं.

"मळ निघाय नगो? साबणानं फेस येतोय नुसता."

 तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात त्यांच्या सौभाग्यवती येऊन उभ्या राहिल्या. त्यांची नजर वज्रीवर. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "ती माझी हाय."

चहा टाकलेला होता, पण आम्ही थांबलो नाही. फोटो कुठल्याच ग्रुपवर आला नाही.

*

आता हा शेवटचा, गेल्या उन्हाळ्यातला.

आमच्या गल्लीच्या टोकाला पार्वतीबाई राहतात, एकट्या. जीभ तिखट. सोबतीला तांबडं कुत्रं, टायगर. दर रविवारी अंगणात त्याला आमच्या साबणानं आंघोळ घालतात, हे सगळ्या गल्लीला माहीत.

अशाच एका रविवारी सकाळी बाहेर कालवा झाला. कुत्रं पिसाळलंय, कुत्रं पिसाळलंय. मी गेलो, मागनं वैशाली. तालमीच्या भिंतीला पाठ लावून एक तांबडं कुत्रं थरथरत उभं होतं. तोंडभर फेस, खाली टपाटपा गळतोय. समोर पाच-सहा जण काठ्या घेऊन.

त्यातला एकजण मला बघून म्हणाला, "आबा, लांब ऱ्हावा. पार्वतीकाकूंचं टायगर हाय. तुमच्याच साबणानं फिरलंय."

सगळ्या गल्लीनं ते ऐकलं. मी वैशालीकडं बघितलं नाही. बघवलं नसतं.

काठी वर गेली. मला गवती चहाचा वास आला. मी कुत्र्याकडं चालायला लागलो. माझं चालणं किती सावकाश ते पेठेला ठाऊक आहे. "मला पोचू तर द्या की रं," म्हणालो. काठी वरच राहिली. पोचलो, गुडघे धरत खाली बसलो आणि त्याच्या तोंडात हात घातला. मागनं वैशाली एवढंच म्हणाली, "आबा."

दात लागत होते, पण ते चावलं नाही. जिभेखाली काहीतरी बुळबुळीत लागलं. ओढून काढलं तर साबणाची वडी, अर्धी चघळलेली.

वडी सगळ्यांना दाखवली. पण काठ्या एकदा वर गेल्या की लगेच खाली येत नाहीत. साबण खाऊनच डोकं फिरलं असंल, कुणीतरी म्हणालं. ज्याचं कुत्रं त्यानं घरात घिऊ द्या, न्हाय घेतलं तर आम्ही हाय. मी त्याला मानेला धरून चालवत पार्वतीबाईंच्या दारात नेलं. काठ्या मागोमाग. दार वाजवलं.

पार्वतीबाईंनी अर्धंच दार उघडलं. त्यांच्या खांद्यावरनं मला अंगण दिसलं. अंगणात बादली, बादलीजवळ ओलाचिंब टायगर कान खाजवत बसलेला.

माझ्या हातातलं कुत्रं भलतंच होतं.

 पार्वतीबाईंनी कुत्र्याकडं बघितलं, माझ्या हातातल्या वडीकडं बघितलं, मागच्या काठ्यांकडं बघितलं.

"आलास व्हय रं टायगर?" म्हणाल्या. "साबण पळवून कुठं गेलतास?"

नाव ऐकून अंगणातला टायगर उठला आणि शेपूट हलवत त्यांच्या पदराखालनं दारात येऊन उभा राहिला.

 पुढचा काठीवाला म्हणाला, "काकू, टायगर तर ह्यो हाय. मग ते कोण?"

पार्वतीबाईंनी माझ्या हातातलं कुत्रं मानगुटीला धरून आत ओढलं.

"त्येबी टायगरच. दोघांचं नाव एकच ठेवलंय. तुझी काय हरकत हाय?"

आणि दार लावून घेतलं.