चौदा पडदे आणि दोन कार्डं

शालीकराम पेंटरला त्या दिवशी सकाळपासून एका जागी टेकवेना. चहा घेतला तो उभ्यानं, त्यातला अर्धा ओट्यावर विसरला. सडकेपर्यंत गेला, केशोरावांची मोटार दिसली नाही म्हणून परत आला, आणि आंगणात पाय ठेवताच पुन्हा सडकेकडे वळला. केशोराव येणार होते दुपारी तीनला. घड्याळात अजून नऊ वाजले नव्हते.

अर्जुनी मोरगावच्या पट्ट्यात तीस वर्षं नाटकाचे पडदे रंगवले ते या माणसानं. राजवाडा, जंगल, मंदिर, गरिबाची झोपडी. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, नाटकं होतात, तेव्हा पहिली टाळी पडायची ती ह्याच्या राजवाड्याला. राजा मागून यायचा. मग मंचावर कापडाच्या जागी भिंतीएवढा एलईडी पडदा आला आणि रंगाचे डबे मोरीत गेले. दुसरा कोणी कपाळाला हात लावून बसला असता. पण ह्याला बसणंच माहीत नाही. मोबाईलवर पाहून पाहून पन्नाशीत कॉम्प्युटर शिकला आणि त्यात चौदा पडदे उभे केले. नुसती चित्रं नाहीत, त्यात पानं हलतात, मशाल जळते, राजवाड्यापुढच्या तलावाचं पाणी चमकतं.

नाटक कंपनीचे मालक केशोराव तेवढ्यानं भुलणारे नव्हते. फोनवर म्हणाले होते, "अख्खं नाटक चालवून दाखव. एकदाही अडकलं नाही त यंदाचा सिझन तुहा. अडकलं त नागपूरचा माणूस बोलावतो. लोक खुर्च्या फेकतात शालीकराम, आन् त्या तुले नाही लागत, मले लागतात."

आता चित्र हलवायचं काम कॉम्प्युटरच्या पेटीतलं एक कार्ड करतं, त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. ह्याचं जुनंपुराणं कार्ड दोन पडद्यांतच दम टाकायचं. म्हणून आदल्या दिवशी गोंदियाला मुन्नालालच्या दुकानात गेला. मुन्नालालनं दोन डबे पुढे सरकवले. "पेंटर भैया, दोनों ले जाओ, अपने काम पे चला के देखो. जो पसंद न आए वो कल शाम की गाडी से वापस."

शालीकरामनं कॅलेंडरच्या पाठीवर दोन रकाने काढले. एक कार्ड नवं निघालेलं. चालायला चपळ, वीज कमी, अंगानं सडपातळ. मेमरी आठ जीबी. दुसरं त्याच्या आधीच्या पिढीचं. जाडजूड, वीज दीडपट खाणारं, चालीत थोडं मागं. मेमरी सोळा. भाव दोघांचे सारखेच. नव्यावर राजवाडा लावला तर पडद्याच्या कोपऱ्यात नव्वदचा आकडा आला, म्हणजे एका सेकंदाला नव्वद चित्रं. जुन्यावर सत्तरच. आणि नव्यावर तलावाचं पाणी असं लवलवलं की शालीकराम स्वतःच हसला.

झालं होतं की मग. पण नाही. मन खात होतं. पेटी खोलली, जुनं बसवलं, राजवाडा पाहिला. पुन्हा खोलली, नवं बसवलं, राजवाडा पाहिला. दुपारच्या जेवणापर्यंत पाच वेळा.

त्याची बायको रुख्मा दारात सुपात तांदूळ घेऊन खडे वेचत होती. ती म्हणाली, "तुमी सकाळपासून राजवाडाच काऊन पाहून राहिले? नाटकात एकच पडदा राह्यते का?"

"तुले काय समजते त्यातलं?"

हे मात्र तो चुकून बोलला. पडदे रंगवले शालीकरामनं, पण बल्लीला, मंचावरच्या आडव्या वाशाला, टांगलेल्या त्या पडद्यांची दोरी वीस वर्षं ओढली ती रुख्मानं. पहिल्यांदा दोरीवरचा माणूस आला नाही म्हणून, आणि पुढं तिच्यासारखी कोणालाच जमेना म्हणून. कोणत्या शब्दाला कोणता पडदा सोडायचा, हे तिला नटांपेक्षा जास्त पाठ.

तिनं सूप बाजूला ठेवलं. "लावा नवं. मी बोलतो, तुमी सोडा."

तिनं सरळ नाटकच सुरू केलं. राजाचं वाक्य संपलं की, "सोडा." गावगुंडाची शिवी संपली की, "सोडा." आठ पडदे लोण्यासारखे गेले. नववा होता प्रतापगडचा डोंगर. अर्धा डोंगर आला, अर्ध्यावर आधीचं जंगल तसंच राहिलं, आणि सगळं गोठलं. तीन श्वास गेले तरी हलेना.

"इथं बाईले रडाचं हाय," रुख्मा म्हणाली. "हे पाहून लोक हासतीन."

शालीकराम पडद्याकडे वाकला. "असं कसं? नवीन हाय ते. वेग पाह्य ना त्याचा."

रुख्मानं कॅलेंडरवर बोट ठेवलं. "हा आठ कायचा?"

"मेमरीचा. चित्रं ठेवाची जागा."

"आन् जुन्याचा?"

"सोळा."

"मंग वर बल्लीवर जागा नाही म्हना. चौदा पडदे टांगाचे आन् बल्ली आठाचीच. नववा चढवाले पहिला उतरवा लागते. तेवढ्या वेळ बाई का करन?"

शालीकरामनं पेटी पुन्हा खोलली, जुनं बसवलं.

जुन्या कार्डाचा पंखा घरघरायला लागला. चौदाच्या चौदा पडदे गेले, एकही अडला नाही. फक्त राजवाड्याच्या तलावाचं पाणी किंचित जड झालं.

"माह्या तलावाची शान गेली," तो म्हणाला.

"राणी आल्यावर तुमच्या तलावाकडे कोण पाह्यते?"

हे त्याला लागलं. तेवढ्यात मोटार वाजली. केशोराव पंधरा मिनिटं आधीच आले होते.

आत येऊन त्यांनी कान टवकारले. "हे धान काढाची मशीन हाय का?"

"ऑर्गन वाजला का मंग हे आयकू येत नाही," रुख्मानं सांगितलं.

"बरं. पहिलं राजवाडा दाखव. त्याचं लय आयकलं."

शालीकरामचा हात थांबला. नवं कार्ड तिथंच टेबलावर होतं. दोन मिनिटांचं काम. पाणी कसं लवलवलं असतं. पायाचा अंगठा जमिनीवर आपटत तो उभा राहिला, मग म्हणाला, "राजवाडा त्याच्या वेळेले येईन, केशोरावजी. पहिलं नाटक पाहा."

रुख्मा बोलत गेली, तो सोडत गेला. चौथ्या पडद्यापासून केशोराव स्वतःच राजाची वाक्यं म्हणू लागले. प्रतापगडचा डोंगर आला, पुरता आला, आणि रुख्मानं रडतानाचं वाक्य सावकाश म्हटलं. शेवटी केशोरावांनी मुद्दाम कुठलेही पडदे उलटसुलट मागितले, चौदावा, दुसरा, नववा. आले.

"सिझन तुहा," ते उठत म्हणाले. "पण दोरीवर बाई पायजे."

"मंग घरचं धान कोण कापन?" रुख्मानं विचारलं.

"ते तुमी नवराबायको पाहा," म्हणून केशोराव गेले.

शालीकरामनं नव्या कार्डाचा डबा काखेत मारला आणि गाडीसाठी जवळजवळ पळतच निघाला. मारुतीच्या देवळापर्यंत गेला, तर मागून रुख्माची हाक. ती तशीच चपला न घालता येत होती, आणि तिच्या हातात कार्ड होतं. डबा सकाळपासून रिकामाच होता.