जिवंत नवऱ्याची विधवा

"त्यांना नका लावू. त्यांचे मालक वारलेत ना."

नवरदेवाची आई बोलली. झरीच्या बागायतदाराच्या घरची बाई. आवाजात लय माया. मानवतला माझ्या भावाच्या घरी भाचीच्या कुंकवाचा कार्यक्रम होता. पोरीला पाटावर बसवलेलं. त्या बाईची जाऊ करंडा घेऊन एकेकीला कुंकू लावायली होती. माझ्यापर्यंत आली, आन् तिनं हात मागं घेतला.

मला वाटलं, दुसऱ्या कुणाबद्दल बोलायल्यात. मी वळून बघितलं. मागं भिंत होती.

"कशानं गेले हो ताई? लय लवकर गेले म्हणं."

भावजयीनं माझं मनगट दाबलं. तिच्या अंगातलं ब्लाऊज मीच शिवलेलं. परभणीत मी ब्लाऊज शिवते, त्यावरच माझं पोट हाय. मी भाचीकडं बघितलं, तर ती खाली पाटाकडं बघायली. म्हणजे तिलापण ठाऊक होतं. माझ्या खोलीत राहून कॉलेज केलेली पोरगी!

माझा नवरा मेलेला न्हाई. पूर्णेला रेल्वेत हाय. दुसरी बायको हाय, लेकरं हायत. कधी स्टेशनात दिसतो, चांगला जाडजूड झालाय. ड्युटीवर जाताना तो मला क्वार्टरात कोंडायचा, बाहेरून कुलूप. तहान लागली तर शेजारीण खिडकीतून तांब्या द्यायची. एका सकाळी तो कुलूप शोधायला होता, तेवढ्यात मी बाहेर पडले. नेसत्या लुगड्यानं. परत गेले न्हाई. फारकत त्यानं न्हाई दिली, मी घेतली. कोर्टात चपला झिजवल्या. जो भेटंल तो म्हणायचा, मिटवून घ्या बाई. भाऊ डबा घेऊन माझ्याशेजारी बाकावर बसायचा. त्याच भावानं आता माझ्या नवऱ्याला मारून टाकलं होतं.

भावजयीनं मला आतल्या खोलीत ओढलं. भाऊ मागून आला.

"विधवा म्हणलं की लोक हळहळतात. नवरा सोडलेली म्हणलं की पोरीचं वळण बघतात," तो हळू आवाजात म्हणला. "मोठं घर हाय. घंटाभर गप बस. काय जातं तुझं?"

"आन् वन्सं, ती टिकली तेवढी काढा," भावजय म्हणली.

माझा हात कपाळाकडं गेला. खरं सांगते, गेला. पोरीचं चांगलं व्हायलंय, आपण कशाला आडवं पडावं, असंच आलं मनात. नखाखाली टिकलीची कड आली, आन् माझ्या अंगाची आग झाली.

लोक म्हणतात जमाना बदलला. गल्लोगल्ली फारकती व्हायल्यात, आता कुणी नाव ठेवत न्हाई म्हणं. काय डोंबल बदलला! आधी नवरा सोडलेलीला माजघरात लपवायचे. आता तिच्या जित्या नवऱ्याचं मढं करतात. विधवा म्हणजे तो गेला. अरे, तो कुठं गेला? मी गेले! जन्मात एकच गोष्ट मी माझ्या मनानं केली, तीच ह्यांनी पुसून टाकली.

मी बाहेर आले. त्या बाईच्या जावेच्या हातातल्या करंड्यात बोट बुडवलं. टिकलीच्या वर लावलं. कुंकू नाकावर सांडलं.

"बाई, माझा नवरा वारला न्हाई. पूर्णेला हाय. मी सोडलं त्याला."

मला वाटलं होतं, एक तरी बाई माझ्या बाजूनं तोंड उघडंल. तिथं अशा बाया होत्या, ज्यांच्या लेकी सासर सोडून माहेरी बसल्यात. त्यापण पदर नीट करत बसल्या.

झरीची माणसं अंगणात जाऊन कुजबुजली. मग निरोप आला. लग्न होईल, पण ती बाई मांडवात दिसायला नको. भावानं हो म्हणून मुंडी हलवली.

"आत्या, तू नको येऊस गं," भाची म्हणली. तेपण पाटाकडं बघूनच.

न्हाई गेले. तिच्या लग्नातलं ब्लाऊज मात्र माझ्याच हातचं होतं, आधीच शिवून दिलेलं. तिचा फोन येत न्हाई. आत्याचं वळण नको म्हणून सासरी बजावलंय तिला. उद्या तिला कुणी कोंडलं, तर ती माझ्या दारात येईल का? न्हाई येणार. मला ठाऊक हाय, आन् त्यानंच जीव तुटतो.

दिवाळीत भाऊ आला. "एकदा म्हण की वारला. सगळं मिटंल. पोरगी तुला भेटायला येईल."

पोरीचं नाव काढलं तसं माझं काळीज हाललं. पण मी मशीनवरून उठले न्हाई. तो चहा न घेता गेला.

गिऱ्हाईक बाई विचारते, मालक काय करतात? मी माप घेता घेता सांगते, सोडलं मी त्याला. काही जणी पुन्हा येत न्हाईत. नका येऊ. आन् एक दिवस तो खरंच मरंल, पूर्णेहून सांगावा येईल, भाऊ पळत येईल. तवाबी मी मशीन थांबवणार न्हाई. टिकली काढणार न्हाई. माझं कुणी मेलेलं नसंल.