हरणाऱ्यांचे मामाजी

लोकसभेची निवडणूक हरताना माणसाच्या पोटात काय होतं, हे अख्ख्या मध्य प्रदेशात माझ्या मामेसासऱ्यांइतकं कोणालाच कळलेलं नाही. आणि स्वतः ते कधी कॉलनीच्या गणेश मंडळाच्या निवडणुकीलाही उभे राहिले नाहीत. जन्म जबलपूरचा, नोकरी खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात, आणि निवृत्तीनंतर शहरातल्याच गढा भागात बांधलेल्या घरात टीव्हीसमोरची एक वेताची खुर्ची. त्या खुर्चीत बसून मामाजींनी राज्यातल्या एकूण एक मतदारसंघांचे निकाल पाहिले, आणि प्रत्येक ठिकाणी त्यांचा एकच पक्ष होता: जो मागे पडला, तो आपला. "पुढच्याजवळ ढोल आहे, गुलाल आहे, मिठाई आहे. मागच्याजवळ कोण आहे, सांगा!" असं ते मला विचारत, आणि मी उत्तर शोधेपर्यंत स्वतःच "मी आहे" म्हणून मोकळे होत.

हे तत्त्व ऐकायला उदात्त वाटतं, पण त्यानुसार निकाल पाहणं म्हणजे भयंकर दगदग. सकाळी ज्याच्यासाठी मामाजी जीव टाकत, तो दुपारी आघाडीवर आला की ते त्याच्याकडे पाठ फिरवत. "आला वर! आता त्याला आपली काय गरज?" एका वर्षी एका जागेवर दिवसभर आघाडी इकडून तिकडे होत राहिली, आणि मामाजींनी इतक्या वेळा बाजू बदलली की ताटातला भात तसाच राहिला. "जेवून घ्या आधी," मामी म्हणाल्या, "मग फुटा पाहिजे त्या पक्षातून." गल्लीतले दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते त्यांना दुसऱ्या पक्षाचा समजत. दोघांचंही बरोबरच होतं. फक्त वेळ वेगवेगळी होती.

गेल्या लोकसभेच्या निकालाने मात्र त्यांची पार दैना केली. दहा वाजायच्या आत टीव्हीवरचा राज्याचा नकाशा एकाच रंगाचा झाला, आणि शेवटपर्यंत तसाच राहिला. कुठे चुरस नाही, कुठे उलटफेर नाही. मुरैनापासून बालाघाटपर्यंतचे सगळे हरणारे एकदम मामाजींच्या अंगावर आले. त्यातही इंदूरला दुसऱ्या क्रमांकावर नोटा! मामाजी हवालदिल होऊन म्हणाले, "जावईबापू, नोटाला धीर द्यायला जायचं तर कोणाच्या घरी जायचं?" मला हसू आलं. "काहून हसून राहिले? गाडी काढा. आपल्या जबलपूरच्या यादीत सगळ्यात खाली जो आहे, त्याला भेटून येऊ."

सगळ्यात खाली होते एक अपक्ष, चिन्ह शिमला मिरची, शहराबाहेर शहपुऱ्याच्या बाजारात पिठाची चक्की. जूनचं ऊन मी म्हणत होतं. त्यात मामाजींना हार हवा होता. फुलवाल्याकडचे सगळे हार विजयी मिरवणुकीत गेले होते. उरला होता तो जीपच्या बॉनेटसाठी केलेला, अजगराएवढा झेंडूचा हार. ठेवायला जागा नाही म्हणून मामाजींनी तो स्वतःच्या गळ्यात घातला, उरलेला माझ्या, आणि स्कूटर निघाली. रस्त्यात लोक थांबून ओरडू लागले, "बधाई हो भैया!" मामाजी दोन्ही हात हलवून ओरडत, "अरे नहीं! हम हारे हैं!" यावर लोक आणखीच जोरात टाळ्या वाजवत. इतक्या आनंदाने हरलेला माणूस त्यांनी पाहिला नसावा.

शहपुऱ्याला दार उमेदवाराच्या बायकोने उघडलं, आणि आमचा अवतार पाहून अर्धं लावून घेतलं. "वो घर पे नहीं हैं." मागे चक्की धडधडत होती. "बधाई देने आए हैं!" मामाजी ओरडले. "किस बात की?" तेवढ्यात चक्की बंद करून ते स्वतःच बाहेर आले. पुढाऱ्यासारखे डोक्यापासून पायापर्यंत पांढरेशुभ्र; फक्त खादीऐवजी पीठ. मामाजींनी तो अजगर त्यांच्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "आप खड़े तो हुए!" त्या माणसाचा चेहरा असा काही उजळला, की मला इकडेतिकडे पाहावं लागलं. सकाळपासून त्यांच्याकडे कोणी फिरकलंच नव्हतं. मग त्यांनी मामाजींचा हात धरून अगदी हळू विचारलं, "आपने वोट हमको दिया था?"

मामाजींना खोटं बोलता येत नाही. ते घाम पुसत उभे राहिले. शेवटी म्हणाले, "भाईसाब, वोटिंग के दिन आप पीछे कहाँ थे?"

उमेदवाराचा चेहरा पडला. माझा हात स्कूटरच्या किल्लीकडे गेला. तेवढ्यात त्यांची बायको पदर सावरत म्हणाली, "अब सच्ची बात हो ही रही है तो... हमने भी नहीं दिया. ये दिल्ली चले जाते तो चक्की कौन चलाता?" त्यावर ते गृहस्थ असे हसत सुटले की अंगावरचं पीठ उडून आम्हीही पांढरे झालो.

त्या दिवसापासून घराशेजारची चक्की सोडून मामाजी दळणासाठी शहपुऱ्याला जाऊ लागले. दळण निमित्ताला, ते आणि उमेदवार दुपारभर बसून पुढची निवडणूक हरायची आखणी करत.

पुढे मामाजींच्या गुडघ्यांनी दगा दिला, आणि त्यांच्या मुलाने मामा-मामींना नागपूरला नेलं. आता ते तिकडचे मतदार. परवा फोन आला. "इथं सगळे मराठी बोलून राहिले, जावईबापू. बरं वाटते. पण मंडल्याचं काय होईल, सीधीत कोण पडेल, हे बोलायला कोणी नाही." थोडं थांबून म्हणाले, "जरा नावं घ्या ना आपल्या जागांची."

मी बालाघाटपासून सुरुवात केली. मंडला, शहडोल, सीधी, रीवा, सतना... मामाजी काहीच बोलत नव्हते. खजुराहोला पोचलो तेव्हा मला वाटलं, फोन कटला. मी थांबलो.

"हं," पलीकडून आवाज आला, "दमोह."