सुमनबाईच्या हातातला करंट

हे मी बायकोपाशी बोललो नाई. पिऊन बसलो तरी दोस्तापाशी नाई बोललो. तुमाले काऊन सांगून राह्यलो — मलेच समजत नाई. पण ऐका.

मी वायरमन आहो. चंद्रपुरात नवीन बिल्डिंगी उठल्या, त्यातल्या एकीची सगळी लाईट फिटिंग माही. लोक म्हणते, कामाचा पक्का आहे गडी. असंन. मले कामाचा गर्व होता, आजही आहे — तेच तर जड जाते.

स्लॅब टाकतानी वायरमनले तिथंच उभं राहा लागते. आमचे पाईप सळाखीच्या मधात बांधलेले असते. मजुराचा पाय पडला, पाईप फुटला, सिमेंट आत गेलं — का संपलं. त्या दिवशी मी उभा नव्हतो. वडश्याकडे रातभर नाटक पाहून आल्तो, हिरोईन मेली तवा रडलोबी होतो, अन् सकाळी वाळूच्या ढिगावर पडून घोरत होतो.

वायर ओढाच्या वेळेस समजलं. एका फ्लॅटच्या बाथरूमचा पाईप जाम! कशाबशा दोन तारा गेल्या, तिसरी जाईच ना. तिसरी म्हणजे अर्थिंगची — गिझर बिघडला तर करंट माणसाच्या आंगातून न जाता जमिनीत जावा, त्यासाठीची. टाईल लागून गेल्या होत्या. फोडा म्हटलं असतं तर साईटच्या साहेबानं इचारलं असतं, स्लॅबच्या दिवशी तू कुठी होता रे? मी अर्थिंगच्या हिरव्या तारेचा बोटभर तुकडा बोर्डाच्या मागं कसून देल्ला. कोणी उघडलं तर दिसावा म्हणून. तो तुकडा कुठीच जात नाई.

थांबा — मले हे नव्हतं सांगाचं. असं तर कितीक जण करते. ते पुढचं आहे... ते सांगतो.

काही वर्षांनं त्याच फ्लॅटच्या मॅडमचा फोन आला. त्यायच्याकडे सुमनबाई कामाले होती, धानोऱ्याकडची, माह्या आईच्या वयाची. नळाले हात लावला का झिणझिण्या येते म्हणे. मॅडमले वाटे, कपडे धुवाचं टाळून राह्यली.

मी गेलो. गिझरले हात लावाच्या आधीच समजलं, करंट नळात उतरून राह्यला आहे. पायात रबरी चप्पल होती माह्या. ती नाई काढली. मुद्दाम नाई काढली. चपलेनं झटका लागत नाई, हे लहान लेकराले समजते — मले नसंन समजत? दोघींसमोर नळ मुठीत धरला अन् हसलो. "काहीच नाई मॅडम. बाईच्या मनात बसलं आहे."

सुमनबाई चिडली असती, भांडली असती, तर बरं झालं असतं. तिनं भरोसा ठेवला. "भाऊ म्हणते तं असंन," म्हणाली, अन् ओल्या फरशीवर उघड्या पायानं पुढं होऊन तिनं नळ धरला. हात थरथरला. मी पाहिलं. ओठ दाबून उभी राह्यली. मले तिचा हात मागं ओढता येत नव्हता का?

मॅडमनं तिले काढून टाकलं. जुना झाला असं सांगून गिझर तेवढा मी बदलवाले लावला. आता तिथं दुसरी बाई कपडे धुते, अर्थिंग आजही नाई.

मागच्या हिवाळ्यात धानोऱ्याले कामाले गेल्तो. बाजारात तिनंच हाक मारली. इतकी खुश झाली, का हात धरल्यासारखं घरी चहाले नेलं — पण हात धरला नाई. सुनेनं लेकरू पुढं केलं, तर बाईनं दोन्ही हात पदराआड घेतले. दवाखान्यात दाखवलं म्हणे, काहीच नाई निंगालं.

"तुमीच सांगतलं ना भाऊ, नळात काही नाई. मंग ते माह्याच आंगात आहे. लेकराले नोको लागाले."

जन्मल्यापासून तिनं नातवाले उचललंच नाई.

वाक्य जिभेवर होतं. एवढंसं वाक्य — बाई, नळातच करंट होता. सून माह्याकडे पाहून राह्यली होती, लेकरू आजीकडे झेप घेऊन राह्यलं होतं.

मी लेकराचं नाव इचारलं. चहा मस्त झाला म्हटलं. अन् निंगालो.