दोन गोष्टी शेजारी ठेवणाऱ्या पवार बाई

पवार बाई आमच्या शाळेत रुजू झाल्या, त्या दिवशी काळ्यापिवळ्या जीपच्या टपावरून त्यांनी बैलगाडीच्या चाकाच्या दोन जुन्या लोखंडी धावा उतरवून घेतल्या आणि भर उन्हात घरंगळत शाळेपर्यंत आणल्या. पारावरची माणसं बघतच राहिली. "मास्तरीण हाय का लोहारीण?" एकानं विचारलं. बाईंनी वळून सांगितलं, "मास्तरीणच हाय. उद्या तुमचं पोरगं धाडा, मग कळंल."

तेव्हा मी सातवीत होते. भूमच्या अलीकडं आमचं गाव, आणि गावाबाहेर माळाला लागून आमची धनगरांची घरं. बाई तामलवाडीकडच्या. आवाज खणखणीत, आणि कुणापुढं मान खाली घालायची सवय अजिबात नाही. वाचनाच्या तासाला त्या आम्हाला अंगणात न्यायच्या. दोन्ही धावा एकमेकींवर थोड्या चढतील अशा जमिनीवर ठेवायच्या. मग एकाच विषयावरचे दोन मजकूर वाचायचे. दोन्हींत सारखं असेल ते चिठ्ठीवर लिहून मधल्या जागेत ठेवायचं, वेगळं असेल ते ज्याच्या त्याच्या बाजूला. वाऱ्यानं उडू नये म्हणून वर एकेक खडा.

"नुसतं 'वेगळं हाय' म्हणून थांबू नका," बाई म्हणायच्या. "कुठं वेगळं हाय, ते बोट ठेवून दावा."

एकदा त्यांनी एकाच लग्नाच्या दोन पत्रिका आणल्या, एक मुलीकडची आणि एक मुलाकडची. मुलीकडच्या पत्रिकेत दोघांचंही शिक्षण छापलं होतं. मुलाकडच्या पत्रिकेत फक्त नवरदेवाचं. नवरी त्याच्यापेक्षा जास्त शिकलेली होती. "मग खोटं कोण बोललं, बाई?" एकानं विचारलं. "खोटं कुणीच बोललं न्हाय," बाई म्हणाल्या. "पण कुणी काय गाळलं, ते बघितलंस का?" त्या दिवसापासून आम्ही औषधाच्या डबीपासून निवडणुकीच्या पत्रकापर्यंत काहीही हाती आलं की त्याचं दुसरं भावंड शोधू लागलो. घरचे वैतागले.

त्याच वर्षी माळावरच्या देवीच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला. दारात काळ्या दगडाची चकचकीत पाटी बसली. वर देवीची कथा कोरलेली, खाली देणगीदारांची नावं, सगळ्यांत आधी देवस्थान समितीचे अध्यक्ष नाना पाटील यांचं. जत्रेत ती कथा शाळेच्या मुलांनी वाचावी, असा नानांचा निरोप आला. बाई म्हणाल्या, "वाचू की. पण आधी घरी जाऊन हीच गोष्ट ऐकून या."

मी आत्याकडून ऐकून आले आणि जशी तिनं सांगितली तशीच लिहून काढली. बाईंनी पाटीवरची कथा आणि, वर 'सुरेखा' असं माझं नाव घालून, माझी गोष्ट शाळेच्या भिंतीवर शेजारी शेजारी लावली. दुसऱ्याच दिवशी नाना शाळेत हजर.

"बाई, ते धनगरांचं उतरवा. गावाला देवी एक, तिची कथाबी एकच."

"न्हाय उतरवणार," बाई म्हणाल्या.

"बदलीचा अर्ज देईन."

"द्या. पण आधी दोन्ही ऐकून घ्या. बसा."

आमच्या मुख्याध्यापकांना घाम फुटला. नाना मात्र ऐटीत खुर्चीवर बसले. पोरांपुढं उठून जाणं त्यांना कमीपणाचं वाटलं असावं. आम्ही धावा मांडल्या आणि पालथे पडून चिठ्ठ्या लिहू लागलो. भिंतीवरचा माझा कागद उतरवला गेला असता, तर आमच्या वस्तीतलं कुणी पुन्हा त्या भिंतीकडं बघितलं नसतं.

मधल्या जागेत चिठ्ठ्या साठत गेल्या. कडक उन्हाळा. तहानलेली म्हातारी. म्हातारी म्हणजेच देवी. पाटलांची विहीर. पाणी पिऊन तिचं त्याच जागी राहणं. नानांचा चेहरा सैल झाला. "मग? एकच तर हाय!"

नानांची नात प्रतीक्षा आमच्याच वर्गात होती. ती हातात एक चिठ्ठी घेऊन अडली होती. "बाई, ही कुठं ठेवू? पाटीवर लिवलंय, 'एका स्त्रीने पाण्याचा तांब्या पुढे केला.' सुरेखाच्या गोष्टीतबी बाईच पाणी देती. पण तिला नाव हाय. ठकू. मेंढरं पाजायला आल्ती, मेंढरं थांबवून तिनं आधी म्हातारीला पाजलं. नाना, आपल्या गोष्टीतल्या बाईचं नाव काय?"

"नाव कशाला लागतंय?" नाना गुरकावले. "पाणी पाजलं, झालं!"

"मग तुमचं कशाला कोरलंय?" बाईंनी विचारलं.

नाना उठले आणि निघून गेले. बाईंनी प्रतीक्षाला ती चिठ्ठी मधल्या जागेच्या कडेवर ठेवायला सांगितली. भिंतीवरचे कागद कुणी काढले नाहीत. बाईंची बदली मात्र जत्रेच्या आधीच झाली. आम्ही मुली रडलो. बाई चिडून म्हणाल्या, "रडताय काय? वाचायचं कुणी मग?" दोन्ही धावा त्यांनी शाळेतच ठेवल्या.

जत्रेत कथा वाचायला प्रतीक्षा उभी राहिली. नाना व्यासपीठावर पहिल्या रांगेत. पाटीवरचा शब्द न् शब्द तिनं तसाच वाचला. 'एका स्त्रीने' या जागी आली, थांबली, आजोबांकडं बघितलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "ठकूने." मंडपात कुजबुज झाली. मागं बायकांत बसलेली माझी आत्या ताडकन उभी राहिली. "आमची ठकू!" ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. मला तिचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. नाना खाली बघत बसले, पण त्यांनी वाचन थांबवलं नाही.

संध्याकाळी मी बाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या खूप हसल्या. मग विचारलं, "पाटी बदलणार हायेत का?"

"न्हाय, बाई. नाना म्हणत्यात, दगड हाय तसाच राहणार."

"असं व्हय?" बाई म्हणाल्या. "मग दरवर्षी वाचा."

आम्ही वाचतो.