ऑर्गनच्या आतली टकटक

वीसेक वर्षांपूर्वी आम्ही इंग्लंडमध्ये ब्रॅकनेलला राहायचो. हे ऑफिसला गेले की घर खायला उठायचं, म्हणून मी कोपऱ्यावरच्या चर्चमध्ये मदतीला जायचे. तिथला खोलीएवढा, शेकडो नळ्यांचा ऑर्गन ज्याने बांधला, तो म्हातारा जर्मन कारागीर वर्षातून दोनदा तो ट्यून करायला यायचा. मला पेटी वाजवता येते हे कळल्यावर त्याने मलाच पट्ट्यांपुढे बसवलं. मी एक पट्टी दाबून धरायची, त्याने आत शिरून त्या सुराची नळी लावायची. काम झालं की तो आतून लाकडावर दोनदा टकटक करायचा, मग मी पुढची पट्टी दाबायची. एकदा मी टकटकीआधीच बोट उचललं, तर बाहेर येऊन असा काही ओरडला की मी मनातल्या मनात त्याला मराठीत शिव्या घातल्या. तरी पुढच्या खेपेला गेलेच.

तो वारल्यावर दुसरा माणूस आला. "मी आतून 'नेक्स्ट' म्हणेन," एवढं सांगून तो आत गेला. चर्च गारठलं होतं. मी एक हात पट्टीवर ठेवला, दुसरा कोटाच्या खिशात घातला. दोनदा टकटक झाली. सवयीने मी पुढची पट्टी दाबली. पुन्हा टकटक झाली, मी तिसरी दाबली.

आतून तो वैतागून ओरडला, "मी नेक्स्ट म्हटलंय का? आणि ते लाकूड कशाला वाजवताय?"

माझा दुसरा हात अजून खिशातच होता.