दुसरी चुंबळ

नागपंचमीच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूने महिन्याचं भाडं पाच हजार रुपये रोख माझ्या हातात दिलं. त्या वेळी पुढच्या खोलीत मी, तो आणि देवापाशी दिवा लावायला आलेली माझी बायको, एवढेच हजर होतो. आतल्या खोलीत माझी मुलगी आणि तिचं अकरा दिवसांचं बाळ होतं. पहिलं बाळंतपण म्हणून ती शाहपूरहून आमच्याकडे सिंधीपुऱ्यात आली होती.

नोटा मोजून झाल्या तरी भाडेकरू उठेना. इंदूरकडचा तरुण, इथल्या एका कोचिंग क्लासमध्ये मुलांना बायोलॉजी शिकवायचा. अंगठ्याचं नख कुरतडत म्हणाला, "अंकल, एक छोटी-सी बात थी. मेरा जानवर निकल गया है."

मला वाटलं, ससा असेल, नाहीतर हल्ली पाळतात तो पांढरा उंदीर. मी लगेच करारावर आलो. "एग्रीमेंट में क्या लिखा है? जानवर नहीं पालना. सही किसकी है?"

"वो तो कुत्ता-बिल्ली के लिए होता है ना, अंकल."

माझं लक्ष कलमाकडे, आणि बायकोच्या हातातली काडी विझलेली. बायको जसोंडी गावची. तिच्या माहेरी दिवे लागल्यावर सापाचं नाव घेत नाहीत, 'जनावर' म्हणतात. लग्न झाल्यापासून मी या प्रकाराला हसत आलो आहे. तिने मला बाजूला सारून थेट त्याला विचारलं, "लांब की आखूड?"

"अगं, जनावराला लांब-आखूड काय?" मी म्हणालो.

"आंटी, साढ़े तीन फुट," तो म्हणाला.

बायोलॉजीच्या मास्तराला सापाला साप म्हणायचं धैर्य नव्हतं, म्हणून त्याने गुळमुळीत 'जानवर' शोधून काढलं होतं. आणि नेमक्या त्याच शब्दाने बायकोला जे कळायचं ते कळलं. हिंदी-मराठी दोन्ही येणारा मी मात्र सशावर अडलो होतो.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. राहायला येताना वर नेलेली काचेची पेटी मासे ठेवायची नव्हतीच. तिच्यातला बल्ब दिवसरात्र का जळतो, असं मी तेव्हा विचारलं होतं, तर "मछली को ठंड लगती है" म्हणाला होता. तापीतल्या माशांना कधी कुणी बल्ब लावल्याचं मी ऐकलं नव्हतं. तरी विजेचे महिन्याला पन्नास रुपये जास्त ठरवून घेतले आणि मोठा व्यवहार केल्यासारखा गप्प बसलो.

"कब निकला?"

"परसों."

म्हणजे दोन दिवस हा आमच्याच जिन्याने खाली-वर करत होता, मला नमस्ते करत होता, बाळाला झोप लागते का म्हणून चौकशी करत होता.

"दोन दिवस तोंडात काय धरलं होतं?"

"आप लोग पैनिक हो जाते ना, अंकल. वैसे किसी को कुछ नहीं करता. बॉल पायथन है. कागज़ भी है उसका."

"पायथन म्हणजे अजगर!"

"अजगर मत बोलिए ना. सुनने में खराब लगता है."

"जातो कुठे तो, निघाल्यावर?" बायकोने विचारलं.

"गर्म जगह ढूंढता है, आंटी."

श्रावणात आमच्या घराच्या भिंतींना हात लावला तर ओला होतो. उबेची जागा एकच, बाळंतिणीची खोली. तिथे खाटेजवळ शेगडी असते आणि तिच्यावर धरून दुपटी वाळवतात. वारा लागू नये म्हणून खिडकीला जाड चादर, दिवाही मिणमिणता. बायको आत गेली. मी दारात थांबलो. भाडेकरू माझ्या मागे.

मुलगी खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. बाळ शेजारी गोधडीवर झोपलेलं. बायको काही झालंच नसल्यासारखी म्हणाली, "बरं आहे ना गं?"

"हो. आई, ही दुसरी चुंबळ कधी केलीस? पहिलीपेक्षा छान गोल जमलीय."

बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून आमच्याकडे जुन्या लुगड्याची चुंबळ वळून त्याच्या डोक्याखाली देतात. बायकोने तशी एकच केली होती. ती बाळाच्या डोक्याखाली होती. दुसरी उशाशी, भिंतीच्या बाजूला, वीतभर अंतरावर. तपकिरी, त्यावर पिवळसर ठिपके. बायकोचं जुनं लुगडं याच रंगाचं असल्यामुळे मुलीला शंका येण्याचं कारण नव्हतं.

बायकोचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "काल केली," ती म्हणाली. "दे बघू त्याला, दुपटं ओलं झालं असेल." तिने दोन्ही हात घालून बाळाला उचललं, छातीशी धरलं, आणि मगच म्हणाली, "आता तू ऊठ. मागे बघू नकोस."

मुलीने मागे पाहिलंच. तिच्या किंकाळीने शेजारच्या काकू धावत आल्या.

मी भाडेकरूला म्हणालो, "जा, उचल." तो पुढे झाला तर काकू दारात आडव्या. "भाऊजी, बाळंतिणीच्या खोलीत परका पुरुष? सुवेराचे बारा दिवस अजून भरलेले नाहीत!"

"तो बिछान्यातला काय घरचा आहे?" मी म्हणालो. काकू सरकल्या.

मी मोठा दिवा लावला, तर भाडेकरू कुजबुजला, "लाइट बंद कीजिए अंकल, उसको स्ट्रेस होता है." अकरा दिवसांचं पोर, त्याची आई आणि पन्नाशीची आजी यांच्या वाट्याला काय आलं, ते त्याच्या बायोलॉजीत नसावं. त्याने ते वेटोळं दोन्ही हातांनी उचललं, गालाला लावलं आणि म्हणाला, "मेरा बच्चा." माझ्या नातवाकडे त्याने वळूनही पाहिलं नाही.

तेवढ्यात काकू घरी जाऊन आल्या होत्या. हातात हळद-कुंकू आणि वाटीभर दूध. "पंचमीच्या तोंडावर बाळाच्या उशाशी दर्शन! वहिनी, भाग्य लागतं."

"काकू, ते विकत घेतलेलं आहे. मूळ आफ्रिकेतलं."

"देवाला काय भाऊजी, आफ्रिका-बिफ्रिका!"

भाडेकरू घाईने म्हणाला, "दूध मत दीजिए आंटी, ये चूहे खाता है." काकूंनी वाटी मागे घेतली, पण कुंकवाचं बोट लावलंच. एकाला तो बच्चा, दुसरीला देव. बाळाला कुठे काही झालंय का, हे त्या दोघांपैकी एकानेही विचारलं नाही.

मुलगी मात्र तेवढंच विचारत होती. "पप्पा, दोन दिवस तो इथेच असला तर? याच्या अंगावरून गेला असला तर?" बाळाचे हातपाय ती पुन्हा पुन्हा उलगडून बघत होती. मी भाडेकरूला त्याचे पाच हजार आणि अनामतीचे दहा हजार एकदमच दिले, कापले काही नाही, आणि सांगितलं, पेटी उचल आणि आत्ता निघ. त्याने साप गळ्यात ठेवूनच नोटा दोनदा मोजल्या. जाताना म्हणाला, "डॉक्टर को दिखाने की ज़रूरत नहीं है अंकल, नॉन-वेनमस है. फिर भी दिखाया तो मेडिकल का खर्चा मेरे पे नहीं बनता."

त्याच्याकडून मी ते पैसे घेतलेही नसते. माझ्या नातवाच्या अंगावरून हात फिरवण्याची फी कुणी द्यायची, हे त्या माणसाने ठरवू नये, एवढंच.

आम्ही रिक्षाने मुलांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी बाळाला पूर्ण उघडं करून कानामागे, काखेत, बोटांच्या बेचक्यांत, सगळीकडे पाहिलं. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. वजन केलं, तर जन्मापेक्षा थोडं वाढलेलं निघालं. तेव्हा कुठे मुलगी खुर्चीत नीट टेकून बसली आणि तिने बाळाला पाजायला घेतलं.

फीचे तीनशे रुपये मी दिले, डॉक्टरांना, रोख.